न लिहिलेली अट

पाच आकड्यांची यादी आहे आणि ती चढत्या क्रमाने लावायची आहे. सी प्लस प्लस या भाषेत एवढ्या कामाला दोन ओळी पुरेशा वाटतात. पहिल्या ओळीत ‘लिस्ट’ या प्रकारची यादी घडवायची. दुसऱ्या ओळीत भाषेबरोबर येणाऱ्या स्टँडर्ड लायब्ररीतील ‘सॉर्ट’ या फंक्शनला यादीचा आरंभ आणि शेवट सांगून काम सोपवायचे. व्याकरणदृष्ट्या दोन्ही ओळी निर्दोष आहेत. तरीही कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेल्या मजकुराचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा प्रोग्राम, त्या नाकारतो. नुसता नाकारत नाही, तर पडदे भरभरून बोलतो. त्या बोलण्यातील मुख्य तक्रार अशी, की वजाबाकीच्या चिन्हाला लागू पडेल असे काहीही सापडले नाही. तक्रारीत ज्या फाइलचे नाव असते ती आपण लिहिलेली नसते आणि वजाबाकी तर आपण केलेलीच नसते.

आमच्या एका तरुण सहकाऱ्याने काही वर्षांपूर्वी हा मजकूर छापून आणला होता. तपासनीसाने उत्तरपत्रिका पाहावी तसा तो कागदांवर लाल पेनाने खुणा करीत बसला होता. दुपारी केव्हा तरी त्याने ‘लिस्ट’ खोडून ‘व्हेक्टर’ लिहिले, प्रोग्राम चालू लागला आणि कागद टोपलीत गेले. चूक दुरुस्त झाली, असे तो म्हणाला. चूक कोणती होती हे त्याला त्या दिवशी सांगता आले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही धडपणे सांगता आले नाही. हा लेख त्या थकबाकीपोटी आहे.

वजाबाकी कोण करीत होते, हे आधी पाहू. ‘व्हेक्टर’ म्हणजे स्मृतीत एकाला लागून एक मांडलेली घरे. सातव्या घराच्या पत्त्यातून दुसऱ्या घराचा पत्ता वजा केला की मध्ये किती घरे आहेत ते तत्काळ कळते. ‘लिस्ट’ ही साखळी आहे. प्रत्येक कडीला फक्त पुढची आणि मागची कडी ठाऊक असते, म्हणून दोन कड्यांमधील अंतर काढायचे तर एकेक कडी ओलांडत चालत जावे लागते. लायब्ररीतील ‘इटरेटर’ ही वस्तू या घरांवर वा कड्यांवर ठेवलेले बोट आहे, असे समजावे. व्हेक्टरवरचे बोट हवी तेवढी घरे उडी मारू शकते, तर लिस्टवरचे बोट एका वेळी एकच पाऊल टाकते.

आता ‘सॉर्ट’च्या आत काय घडते ते पाहू. जीसीसी या कंपायलरबरोबरच्या लायब्ररीतील ‘सॉर्ट’ डेव्हिड मसर यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘इंट्रोसॉर्ट’ या पद्धतीने चालते. क्विकसॉर्ट ही पद्धत सर्वसाधारणपणे वेगवान असते. पण दुर्दैवी क्रमाने आलेल्या आकड्यांवर ती रेंगाळते आणि तिचे श्रम संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. मसर यांनी तिच्यावर पहारा बसविला. तुकड्यांचे तुकडे करीत आपण किती खोल आलो हे मोजत राहायचे, आणि ती खोली एकूण संख्येच्या लॉगॅरिथमच्या दुपटीपलीकडे गेली की क्विकसॉर्ट सोडून हीपसॉर्ट धरायचे. पण खोलीची मर्यादा ठरवायची तर एकूण संख्या आधी कळायला हवी, आणि ती कळण्यासाठी शेवटच्या बोटातून पहिले बोट वजा करायला हवे. लिस्टवरच्या बोटांना वजाबाकी येत नाही. कंपायलर अडखळला तो इथे.

तेव्हा संदेश खोटा नव्हता. तो अक्षरशः खरा होता, पण चुकीच्या घरात उभा राहून बोलत होता. सरकारी कचेरीच्या खिडकीवर अर्ज स्वीकारला जातो, शिक्का बसतो, आणि तीन महिन्यांनी आतल्या कुठल्याशा टेबलावरून पत्र येते की परिशिष्ट ‘ड’मधील सातवा रकाना रिकामा आहे. रकाना खरोखरच रिकामा असतो. पण हे खिडकीवरच का सांगितले नाही, हा अर्जदाराचा प्रश्न रास्त असतो. ‘सॉर्ट’ची खिडकी मुकी का होती, याचा इतिहास तीस वर्षांहून मोठा आहे आणि आमच्या मते या भाषेच्या इतिहासाचा तोच सर्वांत शिकण्याजोगा भाग आहे.

त्याआधी आपल्याच परंपरेतील एका शब्दाची उसनवारी करतो. वाक्यापासून अर्थबोध व्हायचा तर आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या तीन गोष्टी हव्यात, असे आपल्याकडचे शास्त्रकार सांगतात. योग्यतेच्या अभावाचे त्यांचे ठेवणीतले उदाहरण म्हणजे ‘अग्नीने शिंपतो’ हे वाक्य. विभक्ती बरोबर, क्रियापद बरोबर, शब्द शेजारी शेजारी. पण अग्नीच्या ठायी शिंपण्याचे साधन होण्याची योग्यताच नाही. लिस्टला ‘सॉर्ट’च्या हाती देणे हे तसेच वाक्य आहे. सी प्लस प्लसचे व्याकरण आकांक्षा आणि सन्निधी तपासत होते. योग्यता तपासण्याची जागा त्यात नव्हती.

ती जागा नव्हती याचा अर्थ योग्यतेचा विचार कुणी केला नव्हता, असा मात्र नाही. उलट सारे प्रकरण सुरू झाले तेच योग्यतेच्या विचारातून. अलेक्झांडर स्टेपानॉव्ह हे मूळचे मॉस्कोचे गणिती. १९७६ साली, सोव्हिएत संघातच असताना, कच्चे मासे खाऊन त्यांना जबर विषबाधा झाली. इस्पितळात तापाच्या भ्रमात पडलेले असताना त्यांच्या मनात एक विचार चमकून गेला, असे त्यांनीच पुढे एका मुलाखतीत सांगितले आहे. पुष्कळ आकड्यांची बेरीज अनेक यंत्रांना वाटून देऊन एकाच वेळी करता येते, ती ते ‘आकडे’ आहेत म्हणून नव्हे. बेरजेत कंस कुठेही घातले तरी उत्तर बदलत नाही, म्हणून ती करता येते. ज्या ज्या क्रियेला हा साहचर्याचा गुण आहे, त्या त्या क्रियेला ही पद्धत लागू पडेल. म्हणजे पद्धत वस्तूच्या जातीशी बांधलेली नसते, गुणांशी बांधलेली असते. पुढच्याच वर्षी ते अमेरिकेत गेले आणि हा विचार प्रत्यक्षात उतरवता येईल अशी भाषा शोधण्यात त्यांची पुढची सतरा वर्षे गेली.

या शोधातील एक थांबा आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मसर आणि स्टेपानॉव्ह यांनी १९८७च्या सुमारास एडा या भाषेत अशा सर्वसमावेशक पद्धतींचा एक संग्रह रचला. एडात अट लिहिण्याची सोय होती. किंबहुना सक्तीच होती. क्रम लावणारा साचा लिहायचा तर ‘मला लहान-मोठे ठरवणारी क्रिया द्या’ असे साच्याच्या दारावरच लिहावे लागे, आणि प्रत्येक नव्या प्रकारासाठी तो साचा नाव देऊन वेगळा घडवून घ्यावा लागे. दार बोलके होते, पण प्रत्येक पाहुण्याला आपली कुंडली दाखवूनच आत यावे लागे. लिहिलेली अट आणि तिचा जाच हे दोन्ही एकत्र येतात, हे तेव्हाच दिसले होते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण वीस वर्षांनी ती पुन्हा पुढ्यात येणार आहे.

इकडे न्यू जर्सीतील बेल लॅब्जमध्ये ब्यार्ने स्ट्रूस्त्रुप यांनी १९७९ साली सी भाषेला वर्गांची जोड देण्यास आरंभ केला होता. तिचे १९८३ साली सी प्लस प्लस असे बारसे झाले. आकड्यांची यादी, नावांची यादी, तारखांची यादी असे एकच काम पुनःपुन्हा लिहावे लागू नये म्हणून तिला साच्यांची, म्हणजे टेम्प्लेटची गरज होती. त्यांची रचना त्यांनी १९८८ साली डेन्व्हर येथील परिषदेत मांडली. त्या वेळी आपल्याला तीन गोष्टी हव्या होत्या, असे ते पुढे अनेकदा म्हणाले आहेत. साच्यात काहीही व्यक्त करता यावे, हाताने लिहिलेल्या कोडच्या तुलनेत वेगात जराही घट होऊ नये, आणि साच्याचे दार स्पष्ट असावे, म्हणजे आत काय चालेल हे बाहेरच लिहिलेले असावे. तिन्ही एकत्र कशा साधाव्या हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. त्यांनी पहिल्या दोन निवडल्या आणि तिसरी सोडली.

या निवडीवर आज टीका करणे सोपे आहे. एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह यांनी सत्तरच्या दशकात घडवलेल्या क्लू भाषेत अट लिहिण्याची जागा होती, हे टीकाकार दाखवून देतात आणि ते खरेही आहे. पण स्ट्रूस्त्रुप यांनी पहिल्या दोहोंपैकी एक सोडली असती तर वेगासाठी आसुसलेले सी भाषेचे लोक या वाटेला फिरकलेच नसते, असे आम्हाला वाटते. अट काढून टाकली म्हणून साचा मुक्त झाला, आणि मुक्त झाला म्हणूनच स्टेपानॉव्ह यांना हवी असलेली भाषा सापडली. साचा वापरला जाईपर्यंत कंपायलर त्याच्या आतील मजकुराची फारशी चौकशी करत नाही. प्रत्यक्ष वापराच्या वेळी खऱ्या प्रकाराचे नाव आत घालून पाहतो, आणि जिथे जुळत नाही तिथे ओरडतो. ओरडण्याची जागा आत खोलवर का असते, याचे उत्तर हे आहे.

जाता जाता याच रचनेतील एका बारीक खड्ड्याचा उल्लेख केला पाहिजे. साच्याला प्रकार द्यायचा तो ‘पेक्षा लहान’ आणि ‘पेक्षा मोठे’ या चिन्हांच्या मध्ये. साच्यात साचा आला की शेवटी ‘मोठे’ची दोन चिन्हे लागून येत, आणि कंपायलर त्यांना बिट सरकवण्याची खूण समजून भलतीच तक्रार करी. उपाय एकच होता, दोन चिन्हांमध्ये एक रिकामी जागा सोडणे. ही रिकामी जागा आमच्या पिढीने वर्षानुवर्षे निमूटपणे सोडली. ती सोडावी लागू नये अशी दुरुस्ती भाषेच्या नियमांत व्हायला २०११ साल उजाडले.

स्टेपानॉव्ह तोवर ह्यूलेट पॅकार्डच्या प्रयोगशाळेत होते आणि मेंग ली यांच्यासह त्यांनी आपला संग्रह सी प्लस प्लसमध्ये उतरवला होता. बेल लॅब्जच्या अँड्र्यू केनिग यांच्या आमंत्रणावरून नोव्हेंबर १९९३ मध्ये त्यांनी तो सॅन होजे येथे भाषेचे प्रमाणीकरण करणाऱ्या समितीपुढे मांडला. मार्च १९९४ मध्ये सॅन डिएगोच्या बैठकीत त्याचा औपचारिक विचार झाला आणि त्याच वर्षी जुलैत कॅनडातील वॉटर्लू येथे तो प्रमाण लायब्ररीचा भाग म्हणून मान्य झाला. एवढा मोठा संग्रह इतक्या झपाट्याने स्वीकारला जाण्याचा प्रसंग विरळा. भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ साली आले ते या संग्रहासकट.

सॅन डिएगोच्या बैठकीला आणखी एका गोष्टीमुळे स्थान आहे. एर्विन उन्रुह नावाच्या सदस्याने तिथे एक प्रोग्राम दाखवला, जो कंपाइल होतच नव्हता. पण कंपायलर त्याविषयी ज्या तक्रारी करी त्यांच्यात एकेक अविभाज्य संख्या येत असे: दोन, तीन, पाच, सात. साच्यांच्या आत एक आख्खी गणनयंत्रणा दडलेली आहे, हे जगाला प्रथम ठळकपणे कळले ते त्रुटिसंदेशांच्या यादीतून. योजना करून लिहिलेला त्रुटिसंदेश हा वाङ्मयप्रकार मानायचा असेल तर त्याचा आद्य लेखक उन्रुहच म्हणावा लागेल.

आता १९९८च्या प्रमाणग्रंथात ‘सॉर्ट’ची अट कुठे होती ते पाहा. ती होती! उडी मारू शकणाऱ्या बोटाला काय काय आले पाहिजे, याचा तक्ता त्या ग्रंथात छापलेला होता आणि त्यात वजाबाकीही होती. एवढेच नव्हे, तर ‘सॉर्ट’च्या पहिल्याच ओळीत साच्याच्या पॅरामीटरला ‘रँडम ॲक्सेस इटरेटर’ असे नाव दिलेले होते. माणसासाठी ती अट होती. कंपायलरसाठी ते केवळ नाव होते. तिथे ‘टी’ लिहिले असते तरी त्याला फरक पडला नसता. दारावर ‘सज्जनांसाठी’ अशी पाटी लावावी आणि दरवानाला वाचता येऊ नये, तसा हा प्रकार. अट स्टेपानॉव्ह यांच्या मनात होती, ग्रंथात होती, पॅरामीटरच्या नावातही होती. नव्हती ती फक्त भाषेत.

याची किंमत वापरणाऱ्यांनी मोजली. संदेश लांबण्याचे आणखी एक कारण असे, की लायब्ररीतील साधी दिसणारी नावे ही टोपणनावे आहेत. ‘स्ट्रिंग’ म्हणजे अक्षरांचा प्रकार, त्या अक्षरांचे गुणधर्म आणि स्मृती पुरवणारा कारभारी अशा तीन गोष्टी पोटात घेतलेला साचा असतो. तक्रार करताना कंपायलर टोपणनाव टाकून संपूर्ण नाव घेई, आणि शब्दकोशासारखी काही रचना असली की एकेका प्रकाराचे नाव चार-चार ओळींचे होई. १९९८च्या व्हिज्युअल सी प्लस प्लस ६ मध्ये ४७८६ क्रमांकाचा एक इशारा प्रसिद्ध होता. प्रकाराचे नाव २५५ अक्षरांपलीकडे गेल्यामुळे डीबगच्या माहितीत ते कापले आहे, एवढेच तो सांगे. चूक काहीच नसे. असंख्य फाइलींच्या शिरोभागी तो इशारा बंद करण्याची ओळ गणेशनमनासारखी लिहिलेली असे. लिओर झोलमन यांनी तर हे संदेश गाळून माणसाला वाचण्याजोगे करणारी एक चाळणीच पर्ल भाषेत लिहिली. कंपायलरच्या मजकुराला संपादक नेमण्याची वेळ आली होती.

आपल्याकडे हा धक्का अधिक बसला, त्याला एक स्थानिक कारण आहे. आपल्या महाविद्यालयांतील प्रयोगशाळांत टर्बो सी प्लस प्लसचा तो निळा पडदा एकविसावे शतक बरेच पुढे जाईपर्यंत टिकून होता. त्याची ३.० ही आवृत्ती १९९१ची, म्हणजे स्टेपानॉव्ह यांचा संग्रह मान्य होण्याच्या तीन वर्षे आधीची. त्यात हा संग्रह असणे शक्यच नव्हते. तिथे चुका लहान असत, ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला तर तेवढेच सांगणाऱ्या. हातात पदविका-पदवी घेऊन मुले नोकरीवर जात आणि पहिल्या आठवड्यात साच्याचा पहिला संदेश अंगावर कोसळे. तो वाचायचा असतो हे कुणी सांगितलेले नसे. मग संदेश न वाचता प्रोग्राममध्ये काही तरी बदलून पाहायचे, पुन्हा काही तरी बदलायचे, ही सवय जडे. आमचा सहकारी मंद नव्हता. वाचून उपयोग होत नाही, हे त्याला अनुभवाने शिकवले होते. चुकीचा दोष आपल्याकडे आहे एवढेच त्या मजकुरातून त्याला कळे, कोणत्या ओळीत आहे ते कळत नसे.

दुरुस्तीचे पहिले प्रयत्न लायब्ररीच्या आतूनच झाले. जेरेमी सीक आणि अँड्र्यू लम्सडेन यांनी २००० साली एक युक्ती मांडली. साच्याच्या आरंभीच एक असे फंक्शन ठेवायचे, जे कधीही चालवले जाणार नाही पण ज्याचा पत्ता घेतला जाईल. पत्ता हवा म्हणून कंपायलरला ते तपासावेच लागेल, आणि त्या फंक्शनात अटींची यादी असेल. म्हणजे कंपायलरला न कळणारी अट त्याला कळणाऱ्या खोट्या कामाच्या रूपात दारापाशी मांडायची. ही युक्ती बूस्ट या लायब्ररीसंग्रहात आली. जीसीसीच्या लायब्ररीतही आली, पण मुद्दाम चालू केल्याशिवाय ती तिथे चालू होत नाही. ओरडण्याची जागा दाराजवळ आली खरी, पण दाराच्या आतच राहिली.

याच्या नेमक्या उलट अशीही एक दुरुस्ती झाली होती, जिच्यात त्रुटी नाहीशी करायची नव्हती तर निर्माण करायची होती. १९९८च्या प्रमाणात ‘ऑटो पॉइंटर’ नावाचा एक साचा होता. स्मृतीच्या तुकड्याची मालकी एकाच्याच हाती ठेवायची, आणि त्याची प्रत काढली की मालकी प्रतीकडे जाऊन मूळ रिकामे व्हायचे, असा त्याचा स्वभाव. अशा वस्तूंचा व्हेक्टर करून तो ‘सॉर्ट’ला दिला तर काय होईल? तुलनेसाठी एका घटकाची तात्पुरती प्रत काढली जाईल, मूळ जागा रिकामी पडेल आणि काम संपताच तात्पुरत्या प्रतीबरोबर तो ऐवज नष्ट होईल. हे सारे निःशब्दपणे. म्हणून समितीला असा व्हेक्टर कंपाइलच होऊ नये असे हवे होते. ग्रेग कॉल्विन आणि बिल गिबन्स यांनी १९९७ साली, प्रमाण पक्के होण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर, प्रकारांच्या आडवळणाने ते साधले. धोक्याच्या जागी त्रुटी आली. पण ती त्रुटी बोलत होती ‘कॉन्स्ट’विषयी, ‘हा ऐवज इथे ठेवू नका, हरवेल’ हे तिला म्हणता येत नव्हते. अट पुन्हा न लिहिलेलीच राहिली. ऑटो पॉइंटर २०११ साली कालबाह्य ठरवला गेला आणि २०१७च्या प्रमाणातून काढून टाकला गेला.

भाषेतच जागा करण्याचा मोठा प्रयत्न या शतकाच्या पहिल्या दशकातला. योग्यतेला तिथे ‘कन्सेप्ट’ म्हणतात. हा शब्दही स्टेपानॉव्ह यांच्या परंपरेतूनच आलेला. एक आराखडा इंडियाना विद्यापीठातील मंडळींचा होता, दुसरा टेक्सासमधून स्ट्रूस्त्रुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. २००६ साली दोहोंची सांगड घातली गेली आणि सप्टेंबर २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे कन्सेप्ट भाषेच्या मसुद्यात दाखल झाले. मग वाद उभा राहिला. एखादा प्रकार अट पुरी करतो हे कंपायलरने स्वतः ओळखायचे, की लिहिणाऱ्याने तसे लेखी जाहीर करायचे? जाहीर करायचे म्हटले तर प्रत्येक पाहुण्याच्या हाती पुन्हा कुंडली आली. एडातील तो जुना प्रश्न असा परतला. सामान्य प्रोग्रामरवर हे ओझे पडेल, अशी चिंता स्ट्रूस्त्रुप यांनीच व्यक्त केली, आणि जुलै २००९ मध्ये फ्रँकफर्टच्या बैठकीत समितीने सारे प्रकरण मसुद्यातून काढून टाकले. इतक्या वर्षांचे काम एका मतदानात बाजूला गेले. आमच्या मते तो निर्णय शहाणपणाचा होता; चुकीच्या रूपात लिहिलेली अट भाषेतून पुन्हा काढता आली नसती.

२०११च्या प्रमाणात सांत्वनापुरते एक छोटे साधन मात्र आले. एखादी अट मोडली तर लायब्ररीच्या लेखकाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेले वाक्य कंपायलर दाखवील, असे ते साधन. लायब्ररीच्या लेखकाला वाचणाऱ्याशी थेट बोलण्याची प्रमाणमान्य सोय प्रथमच मिळाली, ही लहान गोष्ट नव्हे.

त्याच वर्षी पालो आल्टो येथे एक छोटी मंडळी जमली. स्टेपानॉव्ह आणि स्ट्रूस्त्रुप दोघेही तिच्यात होते. लायब्ररीच्या अटी कमीत कमी किती कन्सेप्टमध्ये सांगता येतील, हे त्यांनी मुळापासून पुन्हा मांडले. त्यातून हलकी झालेली रचना २०१५ साली वेगळ्या तांत्रिक विनिर्देशाच्या रूपाने आली, २०१७च्या प्रमाणात तिला जागा मिळाली नाही, आणि अखेर जुलै २०१७ मध्ये टोरोंटोत मान्य होऊन ती २०२०च्या प्रमाणात समाविष्ट झाली. हलकी का, तर ती एकाच बाजूने तपासते. वापरणारा अट पाळतो की नाही हे दारात पाहिले जाते. साच्याच्या लेखकाने दारावर लिहिली त्याहून अधिक मागणी आत केली आहे काय, हे तपासले जात नाही. दरवान वाचायला शिकला, पण मालकाची झडती तो घेत नाही.

आणि आमची ती पाच आकड्यांची यादी? मौज अशी, की जुने ‘सॉर्ट’ आहे तसेच आहे. अट बसवली तर आजवर चालत आलेले प्रोग्राम अडण्याचा संभव, म्हणून २०२०च्या प्रमाणात ‘रेंजेस’ या वेगळ्या दालनात त्याच नावाचे दुसरे ‘सॉर्ट’ उभारले गेले, आणि अट आहे ती त्याच्या दारावर. जुन्याकडे यादी नेली तर आजही वजाबाकीचे चिन्ह हरवते. नव्याकडे नेली तर कंपायलर सांगतो, की हे बोट उडी मारणाऱ्या जातीचे नाही. हे सांगणेही कधी कधी लांबते, कारण एक अट दुसरीवर आणि दुसरी तिसरीवर उभी असते. २०२०च्या जीसीसी १० मध्ये तर किती पातळ्यांपर्यंत कारणे सांगू, याचा आकडा देण्याची सोय झाली. न दिल्यास तो पहिल्या पातळीवर थांबतो आणि अधिक हवे असल्यास आकडा वाढवा, असे सुचवतो.

नेमका उपाय मात्र दोघेही सांगत नाहीत. ‘लिस्ट’ला स्वतःचे वेगळे ‘सॉर्ट’ पहिल्यापासून आहे. ते मर्जसॉर्टच्या पद्धतीने कड्यांची जोडणी तेवढी बदलते, वजाबाकी करत नाही आणि एकही घटक जागचा हलवत नाही. आमच्या सहकाऱ्याला एका ओळीत तीन-चार अक्षरे इकडची तिकडे करायची होती. व्हेक्टर आणण्याचे कारणच नव्हते.

इस्पितळातील त्या साहचर्याचे काय झाले, हे सांगायचे राहिले. कन्सेप्टला वजाबाकी येते की नाही हे पाहता येते. ती वजाबाकी खरी आहे की नाही हे पाहता येत नाही. एखादी बेरीज साहचर्य पाळते काय, एखादी तुलना सुसंगत आहे काय, या अटी २०२०च्या प्रमाणातही गद्यातच लिहिलेल्या आहेत, माणसाने वाचण्यासाठी. ‘सॉर्ट’ला तुलना द्यायची ती ‘लहान आहे काय’ अशी. कुणी तिथे ‘लहान किंवा समान आहे काय’ असे लिहिले तर क्रमाची मूळ अट मोडते. समान आकडे पुष्कळ असले की प्रोग्राम यादीच्या टोकापलीकडे जाऊन भलतीच स्मृती वाचू लागतो, कधी कोसळतो आणि कधी कोसळतही नाही. जुने ‘सॉर्ट’ वापरा किंवा नवे, हा प्रोग्राम पहिल्या फटक्यात कंपाइल होतो आणि पडद्यावर एकही ओळ उमटत नाही.